हंबीररावांची तिसरी

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरी अजून केस विंचरत होती.

बेळगावाकडच्या एका खेड्यातून चुलत्याबरोबर आगगाडीनं आलेल्या ठकुबाईचा मुक्काम बंगळुरातल्या गवीपुरमात नवरदेवाच्या शेजारघरी होता. लग्न उद्याचं, असं तिला सांगितलं होतं. आणि इथं भिंतीपलीकडून भटजी खणखणीत आवाजात 'सावधान' म्हणत होते. तिनं फणी खाली ठेवली आणि घरच्या बाईला विचारलं, "हे कुणाचं लगीन वो?"

बाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नवरा तुझाच. नवरी दुसरी."

ठकुबाई खिडकीशी गेली. पलीकडच्या परसात एक मोठा खडक होता. गवीपुरमात खडकांना तोटा नाही. पन्नास-बावन्न साली तर घरं खडकांना विचारूनच बांधावी लागत. त्या खडकाच्या आडोशाला कमरेइतकं उंच रुईचं झुडूप होतं. त्याला पिवळं वस्त्र गुंडाळलेलं, पानांना हळदकुंकू लावलेलं, आणि समोर मुंडावळ्या बांधून बसलेले हंबीरराव. चाळिशी ओलांडलेले, मिशा पिकायला लागलेल्या. त्यांनी वाकून झुडपाच्या बुंध्याशी काळ्या मण्यांची पोत बांधली. चार माणसांनी अक्षता टाकल्या. कुणी हसलं नाही.

मामला असा होता. हंबीररावांच्या दोन बायका गेल्या होत्या. पहिली राजलक्ष्मी तापानं, दुसरी भागुबाई बाळंतपणात, बाळासकट. आता तिसरं लग्न, आणि तिसरी बायको टिकत नाही हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यावर उपाय म्हणजे तिसरं लग्न रुईशी लावायचं. चौथ्या दिवशी ते झुडूप तोडून टाकायचं आणि तिसरी गेली असं धरायचं. मग लग्न दुसऱ्याच दिवशी लागलं तरी माणसाची लेक घरात येते ती चौथी होऊन, आणि चौथीला भय नाही. यमाच्या डोळ्यांत इतक्या सहज धूळ फेकता आली असती तर जगात कुणी मेलंच नसतं. पण घाबरलेल्या माणसाला विचार सुचत नाही, उपाय सुचतात. आणि उपाय सांगायला त्रिविक्रमभटजी त्याच गल्लीत राहत होते.

दुसऱ्या दिवशी ठकुबाईचं लग्न लागलं. आईबाप नसलेली, चुलत्याच्या चुलीपुढं भाकऱ्या थापून चोवीस वर्षांची झालेली ही पोर. तिजवराला द्यायची म्हणून रडणारं माहेरी कुणी नव्हतं. चुलती तर म्हणाली होती, बरं झालं, भांडीकुंडी आयती मिळतील.

चौथ्या दिवशी सोयराअक्कानं हंबीररावांच्या हातात कोयता दिला. सोयराअक्का म्हणजे हंबीररावांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली ती इथलीच झाली, आणि घर तिच्या शब्दावर चाले. हंबीरराव खडकामागं गेले. बऱ्याच वेळानं परतले, कोयता फळीवर ठेवला आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

"झालं?" अक्कानं विचारलं.

"झालं."

"सरी, ठीक झालं. सुटली पोर." मग ती ठकुबाईकडे वळली. "त्या खडकामागं जायचं नाही, ऐकलंस? मेल्या सवतीच्या जागेवर पाय पडू नये."

ठकुबाई 'हो' म्हणाली. तिला तिकडं जायची हौसही नव्हती.

हंबीरराव चिकपेटात कापडाच्या घाऊक दुकानात कामाला होते. दिवसभर गजानं कापड मोजायचं, त्यामुळं की काय, बोलणंही मोजूनच करत. वाईट मात्र नव्हते. ताटात मीठ कमी पडलं तर उठून आपलं आपण घ्यायचे. अक्काची जीभ तिखट, पण हात सढळ होता. तक्रार करावी असं काहीच नव्हतं, आणि तरीही ठकुबाईचा जीव त्या घरात टांगणीला लागलेला असे. शेजारच्या बाया तिच्याकडे बघत ते पाहुणीकडे बघावं तसं. कुणी जास्तच गोड बोले, कुणी उगीच पाठीवरून हात फिरवी. रंगाला कशी आहे, स्वयंपाकाला कशी आहे, हे कुणी विचारतच नसे. किती दिवस आहे, एवढाच प्रश्न सगळ्यांच्या नजरेत. आपण मरायला आलो आहोत असं तिला सकाळी उठल्या उठल्या वाटायचं आणि मग चूल पेटवायला लागायची.

शनिवारी मारुतीला रुईचा हार घालायचा हंबीररावांचा नेम होता. एका शनिवारी दुकानात माल उतरायचा होता म्हणून हार आणायला ठकुबाई गेली. रुईला इथं एक्क म्हणतात आणि रुईच्या हाराला 'एक्कद हार' म्हणायचं, एवढं अक्कानं तिच्याकडून घोकून घेतलं होतं. देवळापर्यंत जाईतो त्या 'द'चा 'ड' झाला. देवळापुढं पानं ओवत बसलेल्या बाईला तिनं धिटाईनं सांगितलं, "एक्कड हार कोडी."

कोडी म्हणजे द्या, आणि एक्कड म्हणजे कानडीत वहाण. मारुतीरायासाठी वहाणांचा हार मागणारं हे गिऱ्हाईक बघून त्या बाईनं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, आणि मांडीवरची पानं टाकून पोट धरून हसायला लागली. "कुठल्या गावची गे तू?" तिनं चक्क मराठीत विचारलं. ती होती यल्लव्वा, चिकोडीकडची, म्हणजे जवळजवळ माहेरचीच. त्या दिवसापासून ठकुबाईला बंगळुरात एक माणूस मिळालं.

घरी येऊन तिनं झालेली फजिती सांगितली. हंबीरराव जेवत होते. त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर ते हसतच राहिले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भागुबाई गेल्यापासून भाऊ हसलेला तिनं पाहिला नव्हता.

त्या हसण्यानं ठकुबाईचं नुकसानच झालं. आजवर तिला मरणाची नुसती भीती होती. आता जगण्याचा लोभही लागला.

लग्नाला वर्ष होत आलं आणि तिला दिवस राहिले. गल्लीतल्या नजरा एकदम पोटावर आल्या. डोहाळ्याचं म्हणून बाया चित्रान्न आणायच्या, पुरणपोळ्या आणायच्या, आणि ती खाताना अशा बघायच्या की घास घशाखाली उतरू नये. भागुबाईला असंच सातव्यात सूज आली होती, असं एकजण बोलून गेली आणि अक्कानं तिला दारातूनच वाटेला लावलं. ठकुबाईला धीर होता तो एवढाच, की तिसरी कधीच तोडली गेली. आपल्या वाटचं मरण ती घेऊन गेली. त्या न पाहिलेल्या सवतीविषयी तिला मनातल्या मनात उपकारासारखं काहीतरी वाटायचं.

एका दुपारी अक्का नात्यातल्या बारशासाठी आनेकलला गेली होती. घरातली तांबडी कोंबडी खुराड्यातून सुटली आणि खडकामागं गेली. तिच्यामागं ठकुबाई गेली आणि जागच्या जागी उभी राहिली.

रुई उभी होती. तोडलेली नाही, छाटलेली नाही, एका फांदीला जखम नाही. चांगली छातीइतकी वाढलेली, जाड पिठूळ पानांची, फिक्या जांभळ्या फुलांचे घोस आलेली. पिवळं वस्त्र कधीच वाऱ्यानं गेलं होतं. बुंध्याशी मात्र काळ्या मण्यांची पोत जशीच्या तशी होती.

म्हणजे तिसरीचं मरण अजून कुणी मेलंच नव्हतं. ते या घरात तसंच पडून होतं, आणि आता ते कुणाच्या वाट्याला जाणार हे सांगायला त्रिविक्रमभटजी नको होते.

तिनं फळीवरचा कोयता आणला. पहिला घाव बसला आणि फांदी लोंबकळली. तुटलेल्या जागेतून पांढरा चीक उडाला, तिच्या हातावर, गालावर, डोळ्यात. तिनं पदरानं डोळा पुसला आणि दुसऱ्या घावासाठी हात उचलला, पण तो खाली येईना. चीक थेंब थेंब गळतच होता. बाळंतिणीला पान्हा फुटावा तसा तो गळत होता, आणि ठकुबाईच्या पोटात नेमकं तेव्हाच मूल हललं. ती कोयता टाकून मागं फिरली.

रुईचा चीक मोठा लबाड. डोळ्यात गेला तरी लगेच झोंबत नाही. ठकुबाईला आधी काहीच वाटलं नाही. दिवेलागणीला मात्र तिला दिव्याभोवती धूर दिसायला लागला, आणि हंबीरराव दारात आले तेव्हा त्यांचा नुसता आकार दिसला. त्यांनी तिला पायरीवर बसवलं, तांब्यामागून तांब्या पाणी घालून डोळे धुतले आणि विचारलं, "कशानं झालं?"

"तुमची तिसरी जित्ती हाय," ती म्हणाली.

हंबीररावांनी तांब्या खाली ठेवला. मग ते बोलले, आणि एवढं बोललेले तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"दोघींना ह्या हातांनी पोचवलं. लक्ष्मी गेली तेव्हा पाऊस होता, लाकडं धरत नव्हती. भागूच्या वेळी तर दोघं होती. आणि मग हिच्या गळ्यात पोत बांध म्हणाले, बांधली. चौथ्या दिवशी कोयता घेऊन जा म्हणाले. गेलो. हात उचलला, ठकू. पण तिथं पोत दिसत होती. सांभाळीन म्हणालो होतो तिला. झुडूप असलं म्हणून काय झालं, म्हणालो होतोच की."

"दुसऱ्या दिवशी मला बी तेच म्हणालासा," ठकुबाई म्हणाली.

त्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला आणि तिचे डोळे धुवायला लागले.

डॉक्टरनं डोळ्यांवर पट्टी बांधली. कोयता हंबीररावांनी फळीवर परत ठेवला होता, आणि अक्काला ठकुबाईनं डोळ्यात चुन्याचं पाणी गेलं असं सांगितलं. ती सुटेपर्यंत ठकुबाईला अंथरुणावर विचार करण्याशिवाय काम नव्हतं. संताप तर होताच. एका झुडपाच्या मायेपायी या माणसानं बायकोचा जीव पणाला लावला, आणि वर 'झालं' म्हणून खोटं सांगितलं. पण कूस बदलली की दुसरं मनात येई. झुडपाला दिलेला शब्द ज्याच्यानं मोडवला नाही, तो माणूस आपल्याला तरी कसा टाकील. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं एक धरून दुसरं सोडता येत नव्हतं. तिचं डोकं शिणून गेलं.

आणि एका सकाळी पट्टीखालच्या अंधारात तिला वेगळंच सुचलं. तिसरी टिकत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मग तिसरी टिकली तर? रुई जगली, वाढली, म्हातारी झाली, तर तिसरी टिकत नाही हे म्हणणंच खोटं पडलं की. मग या घरात मरण कुणाच्या नावानं येणार? त्रिविक्रमभटजींना हे सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या पोटात मूल नव्हतं.

पट्टी सुटली तेव्हा नजर साफ झाली होती. त्याच दिवसापासून ठकुबाई सवतीची सेवा करायला लागली.

अक्का दुपारी आडवी झाली की ही खडकामागं जायची. चुलीतली राख, शेणाचा काला, तांदळाचं धुवण, सगळं रुईच्या बुडाशी. आणि पाणी तर कळशीनं. तुटकी फांदी तिनं चिंधीनं बांधली. पानाखाली पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या होत्या, त्या वेचून काढल्या. झुडपाशी ती बोलायचीसुद्धा. थोरली म्हणून 'अक्का' म्हणायची. "एवढं सातवं-आठवं काढ गे अक्का," असं म्हणायची. अक्षरशः पाया पडायची.

आणि रुई पिवळी पडायला लागली.

आधी खालची पानं, मग मधली. हात लावला की गळायची. ठकुबाईनं घाबरून आणखी पाणी घातलं. फुलं सुकली, शेंडे माना टाकायला लागले. तिला आठवा लागला होता, पायांवर सूज आली होती. ती सूज आणि ती पिवळी पानं एकाच दिवशी दिसली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी ती देवळापुढं यल्लव्वाकडे गेली आणि तिच्याशेजारी मटकन बसली.

यल्लव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "एक्काला कोण पाणी घालतंय? दगडात उगवणारी जात ती. तुझ्या मायेनं मुळी कुजली बघ. पाणी बंद कर. आणि वरचं सगळं तोड, गुडघ्याएवढं खोड ठेव. मुळी जित्ती असली तर फुटंल."

"आणि नसली तर?"

यल्लव्वानं हारात एक पान ओवलं. "मग देवाची मर्जी."

तोड. ज्यासाठी कोयता उचलवला नव्हता तेच आता जगवण्यासाठी करायचं होतं. ठकुबाई घरी आली, फळीवरचा कोयता घेतला आणि खडकाला वळसा घातला, तर तिथं सोयराअक्का उभी. पिवळ्या झुडपाकडे बघत होती, बुंध्याशी असलेल्या मण्यांकडे बघत होती. तोडलेल्या फांदीला बांधलेली चिंधी तिनं ओळखली, तिच्याच जुन्या लुगड्याची होती.

आता आपली धडगत नाही असं ठकुबाईला वाटलं. पण अक्का ओरडली नाही. ती खडकावर टेकली. एकदम म्हातारी दिसायला लागली.

"हंबीरच्यानं झालं नाही ना," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं. लहानपणी कोंबडी कापायची म्हटलं तरी हित्तलातून, मागच्या परसातून, पळून जायचा." मग ठकुबाईच्या हातातल्या कोयत्याकडे पाहून म्हणाली, "तू तोडायला आलीस? सरी. तोड. तुझाच जीव आहे, तूच तोड."

ठकुबाईनं तोंड बांधून घेतलं, डोळे बाजूला केले आणि तोडायला लागली. मण्यांच्या वीतभर वर एकेक फांदी उतरवली. अक्का बघत होती ती तिसरीचं मरण, आणि ठकुबाई करत होती तिसरीचं औषध. घाव तेच होते. काम झालं तेव्हा दोघींनी विहिरीवर अंघोळ केली, अक्कानं सुतकाची आणि ठकुबाईनं घामाची. अक्का त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

खोड मात्र फुटेना. ठकुबाई रोज बघून यायची. नखानं साल खरवडून बघायची धिटाई तिला झाली नाही. जड पावलांनी जायची आणि तशीच यायची. हंबीरराव दुकानातून आले की तिच्या तोंडाकडे बघत आणि काही न विचारता पाय धुवायला जात. त्यांना सगळं ठाऊक होतं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. अक्कानं गल्लीतल्या सुईणीला निरोप धाडला, पण भागुबाईला त्याच सुईणीनं हाताळलेलं. हंबीररावांनी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचं ऐकलं नाही. त्यांनी घोड्याचा जटका बोलावला आणि ठकुबाईला सरकारी दवाखान्यात नेलं. दुपार झाली तरी सुटका होईना. नर्स बाहेर येऊन म्हणाली, बाई नवऱ्याला बोलावते आहे, एक शब्द बोला आणि बाहेर व्हा.

ठकुबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं त्यांचा हात धरला. "फुटलं काय?" तिनं विचारलं.

हंबीररावांनी निघताना खडकामागं जाऊन पाहिलं होतं. खोड काळवंडलेलं होतं, त्यावर मुंग्या फिरत होत्या.

"फुटलं," ते म्हणाले.

संध्याकाळी मुलगी झाली. आई आणि लेक दोघी जगल्या.

ठकुबाई घरी आली ती मुलीला अक्काच्या मांडीवर देऊन थेट खडकामागं गेली. खोड तसंच होतं, काळं, कोरडं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. रुई मेलेली असताना आपण जगलो होतो. इतके महिने जे काही मनाशी जुळवून ठेवलं होतं ते सगळं उसवलं होतं, आणि तरीही ती श्वास घेत होती आणि तिच्या चोळीला दूध लागत होतं. तिला हसू येईना की रडू येईना.

हंबीरराव मागं येऊन उभे राहिले होते. "खोटं बोलायला चांगलं शिकलासा," ती म्हणाली.

"दोनदाच बोललो," ते म्हणाले. "दोन्ही वेळा हिच्यापायीच."

रुई फुटली ती उन्हाळा चढल्यावर, जेव्हा तिच्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडलं होतं. मण्यांच्या अगदी वर, काळ्या सालीतून, दोन पिठूळ कोंब. ठकुबाईनं पाहिलं आणि या वेळी एक थेंब पाणी घातलं नाही.

अक्कानं ते कधी पाहिलं कुणास ठाऊक. रथसप्तमीला मात्र, सूर्याच्या नावानं डोक्यावर, खांद्यांवर, गुडघ्यांवर रुईची पानं ठेवून अंघोळ करायची असते, त्या पहाटे ती ठकुबाईला म्हणाली, "पानं बाजारातून कशाला? घरची आहेत की." भाचीच्या टाळूवर तिनं त्याच झाडाचं सगळ्यांत कोवळं पान ठेवलं. मुलीचं नाव हंबीररावांनी ठेवलं होतं, मंदा. रुईला मांदार म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, त्रिविक्रमभटजींनाही ठाऊक होतं, पण कुणी विषय काढला नाही.

पुढची वर्षं सुखाची गेली असं म्हणायला हरकत नव्हती, पण ठकुबाईची धास्ती काही पुरती गेली नाही. मंदाला ताप आला की ती आधी खडकामागं जाऊन पानं बघून यायची आणि मग डॉक्टरकडे. छप्पन साली बेळगाव म्हैसूर राज्यात आलं तेव्हा अक्का म्हणाली, "आता तुझं माहेरही आमच्यात आलं, आता कुठं पळून जाणार?" ठकुबाईनं रुईच्या जून फांद्या कुंपणाला खोचल्या, त्या लागल्या, आणि हळूहळू एक ओळच उभी राहिली. यल्लव्वा शनिवारी तिथूनच पानं न्यायची. बोंडं तडकली की त्यातला रेशमासारखा कापूस गोळा करून ठकुबाईनं मंदाला उशी केली. अक्काचे गुडघे धरायचे तेव्हा एरंडेल लावून गरम केलेली पानं बांधायची. गल्लीतल्या ज्या बाया तिच्याकडे पाहुणीसारख्या बघत होत्या त्याच आता रुईची पानं मागायला यायच्या. तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त खडकामागच्या झाडाचं पान ती बाहेर देत नसे.

एका वर्षी त्या झाडाच्या पोतीचा दोरा कुजून मणी मातीत पडलेले तिला दिसले. तिनं ते वेचून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवले आणि विसरली. पुढच्या रविवारी बघते तर हंबीरराव खडकामागं उकिडवे बसून तांब्याच्या तारेत ते मणी ओवत होते. तार बुंध्याभोवती वळवून त्यांनी टोकं नीट आत दुमडली, कुणाला टोचू नयेत म्हणून. ठकुबाई तिथूनच परत फिरली. नवऱ्यावर एवढी माया तिला आधी कधी आली नव्हती, आणि सवतीचा एवढा हेवाही.

सदुसष्ट साली हंबीरराव दुकानात कापड मोजता मोजता खाली बसले ते उठलेच नाहीत. हातगाडीवरून त्यांना घरी आणलं. दोघींना पोचवलेला माणूस, शेवटी तोच आधी गेला. ठकुबाईनं आयुष्यभर आपल्या मरणाची वाट पाहिली होती, त्याच्या मरणाचा विचार तिनं एकदाही केला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी येईना. ती नुसती त्यांच्या पायांशी बसून राहिली.

उचलायची वेळ झाली. बाया तिच्याभोवती जमल्या. एकीनं कुंकू पुसलं, एकीनं बांगड्या उतरवल्या. गळ्यातलं काढायला हात पुढं आला तेव्हा ठकुबाईनं तो धरला.

"आधी थोरलीची," ती म्हणाली.

बायांना वाटलं, हिला भ्रम झाला. सोयराअक्काला मात्र कळलं. आता ती वाकून गेली होती, काठीशिवाय चालवत नव्हतं. ती उठली आणि ठकुबाईच्या पाठोपाठ खडकामागं गेली, आणि मग बाकीच्याही गेल्या.

रुई पुरुषभर उंच झाली होती. ठकुबाई खाली बसली आणि बुंध्याशी हात घातला. तार सापडेना. सालीनं ती पुरती गिळली होती. दोनच काळे मणी बाहेर डोकावत होते, तेही अर्धे. तिनं नखानं उकरून पाहिलं, बोटांना चीक लागला.

"कोयता आणू का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नको," सोयराअक्का म्हणाली. "राहू दे तिला."

ठकुबाई उठली. चिकानं भरलेली बोटं तिनं पदराला पुसली, डोळ्यांना लागू दिली नाहीत.

"निघत नाही," ती म्हणाली. "सवाष्णच राहिली." आणि आपल्या गळ्यातलं काढून घ्यायला तिनं अक्कापुढं मान खाली घातली.